शुक्रवारचा मोजा

जुन्नरच्या बाजारपेठेत काही वर्षं पाच माणसं दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून फिरत होती. एक पोस्टमन, एसटी स्टँडवरचे एक कंट्रोलर, गणिताची शिकवणी घेणारे एक सर, सुतळी-दोऱ्याचे दुकानदार मदनशेठ आणि पाचवी मी. डाव्या पायात एका दोऱ्याचा मोजा, उजव्या पायात दुसऱ्या. मुदत एक महिना. मोजे अदलाबदल करायचे नाहीत, गरम पाण्यात धुवायचे नाहीत आणि भोक पडलं तर शिवायचं नाही. तसंच आणून दाखवायचं. या अटी घालणाऱ्या इंदूबाई माझ्या शेजारी राहत. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. गावात त्यांना शिवणाच्या बाई म्हणत.

मी एका दैनिकाची तालुका वार्ताहर म्हणून जुन्नरला आले आणि त्यांच्या समोरची खोली भाड्यानं घेतली. खाली धान्याचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, मध्ये चार पावलांची गॅलरी. पहिल्या दिवशी बाईंनी माझ्या चेहऱ्याआधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"दिवसातून किती चालतेस?"

"बरंच. तहसील, पोलीस स्टेशन, मार्केट यार्ड..."

"बरं झालं. आमच्याकडे चालणारी माणसं कमी आहेत."

दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली होती. आत एक तपकिरी मोजा आणि एक राखाडी. जोडी चुकली असं समजून मी ती परत करायला गेले.

"चुकली नाही," बाई म्हणाल्या. "तपासणी आहे. दोन्ही पाय सारखंच चालतात, तेव्हा दोऱ्यातला फरक कळतो. एका माणसाला हा आणि दुसऱ्याला तो दिला तर माणसांतला फरक कळेल. तो घेऊन मी काय करू?"

महिन्यानंतर मी मोजे छान आहेत असं सांगितलं. बाईंना ते आवडलं नाही.

"छान लग्नात म्हणतात. भोक कुठं पडलं ते दाखव."

त्या बुटक्या, सडसडीत आणि सावळ्या होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. डाव्या हाताच्या तर्जनीवर दोरा फिरून फिरून पडलेली एक बारीक खाच होती. आणि अंबाड्यात सायकलचा एक स्पोक. विणकामाच्या सुया जुन्नरात मिळत, पण त्या स्वेटरच्या. जाड, एका टोकाला बोंड असलेल्या. मोज्याला दोन्ही टोकं मोकळी असलेल्या पाच बारीक सुया लागतात. बाईंनी सायकल दुरुस्तीच्या दुकानातून मोडक्या चाकाचे स्पोक आणले, वीतभर लांबीचे तुकडे करून घेतले आणि टोकं सहाणेवर घासून गुळगुळीत केली. चार स्पोकांवर मोजा असे, पाचव्यानं विणणं चाले. काम थांबलं की पाचवा अंबाड्यात जाई. बँकेच्या रांगेत, भाजीपाशी, शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या ओळीत तो तिथंच असे. नवख्या माणसाला बाईंचं घर सांगताना लोक ही खूण सांगत.

मोज्यांचं कारण होतं त्यांचा धाकटा भाऊ.

बबनराव पिंपळवंडीला शेती करत. कांदा, टोमॅटो, कडेला थोडा ऊस. बायको वारलेली, मुलगा चाकणला कंपनीत, तिकडेच बिऱ्हाड. घरात ते एकटे. बरीच वर्षं मधुमेह. एका लग्नासाठी घेतलेला नवा बूट टाचेला चावला आणि ती जखम भरायला चार महिने लागले. शेवटच्या तपासणीला बाई बरोबर होत्या. डॉक्टर बबनरावांशी न बोलता त्यांच्याशी बोलले. "यांच्या पायाला आता दुसरी जखम नको. झालीच, तर पहिल्या दिवशी कळायला हवी. उशीर झाला तर पाय काढावा लागेल." बाईंनी हे मला तीन वेगवेगळ्या वेळी सांगितलं. तिन्ही वेळा शब्द तेच होते.

बुटात मोजा हवा, हे ठरलं. विकतचे मोजे आणले तर त्यांच्या इलॅस्टिकचा वळ नडगीवर संध्याकाळपर्यंत राहत होता आणि बोटांवरची शिवण घासत होती. तेव्हा जन्मभर मुलींना शिवण घालायला शिकवलेल्या बाईंनी शिवण नसलेली वस्तू करायला घेतली. वरची कड सैल, टाच दुहेरी, आणि बोटांपाशी टाके असे एकमेकांत मिसळलेले की बोट फिरवून जोड सापडत नसे. वीण पहिल्या वर्षी जमली. दोरा जमेना.

मदनशेठांच्या दुकानात त्या काड्यापेटी घेऊन जात. शेठजींचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. जुन्नरचं मराठी ते जुन्नरच्या माणसापेक्षा ठसक्यात बोलत. बाई गल्ल्यासमोर उभ्या राहून गुंड्याचं टोक दोन बोटांत धरत आणि काडी लावत.

"बाई, दुकानात सुतळी आहे, कापूस आहे, पुठ्ठे आहेत. अख्खी पेठ पेटवता का?"

"शेठ, तुमची लोकर वितळली."

"मग वितळणार नाही तर काय भजन म्हणणार?"

"खरी लोकर वितळत नाही. जळते, केस जळल्यासारखा वास येतो, चुरली की राख होते. हिचा बघा, मणी झाला. प्लास्टिक आहे हे. पायाला घाम येतो, कातडी मऊ पडते."

"बाई, तीस वर्षं धंदा करतोय. आजवर एकाही गिऱ्हाइकानं स्वेटर पेटवून बघितला नाही."

पुढच्या खेपेला पुण्याहून माल घेताना शेठजींनी स्वतः काडी ओढून पाहिली. हे त्यांनीच मला सांगितलं. बाईंना कळवू नका, असंही सांगितलं.

निष्कर्ष बाई शाळेतून उरलेल्या कोऱ्या हजेरीपटात लिहीत. जिथं मुलींची नावं यायची तिथं आम्हा सहा जणांची, सहावे बबनराव. पुढच्या चौकोनात शेरा. सुती दोऱ्यापुढं लिहिलं होतं: "गार. भिजला की वाळत नाही. धुतल्यावर ढिला, कंट्रोलरांच्या बुटात गोळा होतो." प्लास्टिकच्या लोकरीपुढं: "टिकाऊ. वास. पोस्टमनची तक्रार नाही, त्यांच्या बायकोची आहे."

बबनरावांच्या चौकोनात मात्र दर वेळी एकच शेरा असे: "काही नाही म्हणतो."

ते बाजारच्या दिवशी एसटीनं येत. पायजमा, पांढरी टोपी, हातात नायलॉनची पिशवी. जिना चढून गॅलरीत टेकत आणि बाई चहाआधी मोजे काढायला लावत.

"आठ दिवस घातलास?"

"रोज."

"शेतात?"

"मग काय देवळात?"

बाईंनी मोजा उलटा करून माझ्यापुढं धरला. "वार्ताहर, तळवा बघ. टाच बघ. कुठं घासलंय? हा मोजा स्टँडपासून इथपर्यंत चाललाय. त्याच्या पुढं एक पाऊल नाही."

बबनराव माझ्याकडं बघून हसले. "पेपरात देऊ नका, ताई." मग बहिणीकडं वळून म्हणाले, "आक्का, लोक हसत्यात. पायमोजं घालून कांद्यात हुभा ऱ्हायलो तर म्हनत्यात, बबन सायेब झाला. चाकनच्या पोराचं जुनं घातलं का, म्हनत्यात."

"हसू देत. उद्या पाय गेला तर त्यातला एक जण आपला देणार आहे का?"

"तू लई वाईट बोलतीस."

"तू घाल, मग गोड बोलते."

ते घालत नव्हते. पहिली दोन वर्षं हा खेळ चालला. बाई दोरा बदलत राहिल्या. त्यांची समजूत अशी होती की योग्य दोरा मिळाला की भाऊ घालील.

एका वर्षी दिवाळीच्या थोडं आधी बबनरावांच्या रानात मेंढ्या बसल्या होत्या. खतासाठी शेतकरी कळप दोन-तीन दिवस रानात बसवून घेतात. बाई तेव्हा पिंपळवंडीला होत्या. कळपाच्या कडेला कातरलेल्या लोकरीची पोती पाहून त्यांनी चौकशी केली आणि ही लोकर ज्याच्याकडे जाते त्या घोंगड्या विणणाऱ्याचा पत्ता घेतला. त्याच्याकडून काळं सूत आणलं, तीन पाण्यांत धुतलं आणि टकळीवर दोन पदर एकत्र पिळले. त्या आठवड्यात त्या खुशीत होत्या.

"आपल्या नाकासमोर होतं बघ. माणसं जन्मभर घोंगडीत निजली, पावसात डोक्यावर घेतली. ती काय खुळी होती?"

काडी लावल्यावर केसांचा वास आला, राख पडली. सहा जणांना सहा काळे मोजे मिळाले. दुसऱ्या पायात प्रत्येकाचा जुना.

तीन दिवसांत पाच मोजे परत आले. पोस्टमन म्हणाला, "बाई, मुंग्यांच्या वारुळात पाय घालून टपाल वाटतोय." सरांनी शिकवणी चालू असताना टेबलाखाली मोजा काढला होता, तो मुलींनी पाहिला होता. कंट्रोलरांनी फक्त घोटा दाखवला. तो लाल झाला होता. मी दोन दिवस टिकले. मदनशेठांनी एका तासात काढला आणि तसं कबूलही केलं.

बाजारच्या दिवशी बबनराव आले. पायात काळा मोजा होता आणि त्याचा तळवा खरोखर झिजला होता.

"आक्का, हे झ्याक हाय. लई मऊ."

"टोचत नाही?"

"अजाबात न्हाई. आजवरच्यात हेच बेस्ट. आन काळं हाय, कुनाच्या डोळ्यावर येत न्हाई. मातीत माती."

बाईंनी आमच्याकडं, म्हणजे गॅलरीत उभ्या असलेल्या माझ्याकडं आणि हिशेबासाठी वर आलेल्या मदनशेठांकडं पाहिलं. "तुमचे पाय लाडावलेत," त्या म्हणाल्या. "ज्याच्यासाठी केलं त्याला चाललं. संपलं." पुढच्या पंधरवड्यात त्यांनी भावासाठी चार जोड विणले. हजेरीपटात बबनरावांच्या चौकोनात प्रथमच वेगळा शेरा पडला: "टोचत नाही. मऊ म्हणतो. रोज घालतो."

ते मोजे बबनरावांनी खरंच रोज घातले. बूट मात्र शेतात कुणी घालत नाही. ते चपलेवर घालत. दिवाळीनंतर बांधावरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं सुटतात. कुसळाचं टोक सुईसारखं असतं, ते घोंगडीच्या लोकरीत एकदा शिरलं की चालण्यानं आत आत सरकतं. ज्याला कळतं तो थांबतो, मोजा काढतो, कुसळ उपटतो. बबनराव थांबले नाहीत.

मुलगा सुट्टीला चाकणहून आला तेव्हा त्याला वडिलांचा पाय सुजलेला दिसला. दवाखान्यात डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं की आणखी चार दिवस गेले असते तर घोट्यापासून काढावा लागला असता.

मला ते बाईंकडून कळलं. त्या सकाळच्या गाडीनं परतल्या, खोलीत न जाता गॅलरीत बसल्या आणि माझं त्या दिवशीचं वर्तमानपत्र मागून घेतलं. पिशवीतून काळा मोजा काढला, भुवया कोरायचा चिमटा घेतला आणि मोज्यातून एकेक कुसळ उपटून कागदावर ठेवू लागल्या. मी मोजली. सतरा भरली.

"पाच जणांना टोचलं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता. "एकाला टोचलं नाही. मी त्या एकाला शाबासकी दिली."

वाऱ्यानं उडणारी कागदाची कड मी दाबून धरली.

"त्याच्या पायाला कळत नाही हे डॉक्टरांनी काल सुई टोचून दाखवलं. मोज्यानं मला महिनाभर आधी दाखवलं होतं. तीस वर्षं तपासणी केली ग मी. सगळा वर्ग चूक आणि एकच मुलगी बरोबर, असं झालं की मी आधी त्या मुलीची वही बघायची."

हजेरीपट आणून त्यांनी बबनरावांच्या चौकोनातलं "टोचत नाही" खोडलं आणि वर लिहिलं: "पायाला कळत नाही." खाली, शेऱ्याच्या जागी: "चूक तपासणाराची."

त्या दिवसानंतर बाईंनी मऊपणाबद्दल कुणालाही विचारलं नाही. काळा, तपकिरी, राखाडी सगळे गुंडे मदनशेठांकडे परत गेले. मोजे पांढरे झाले. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. पायाला कळत नसेल तर मोज्यावर दिसायला हवं. बबनरावांना बंद बूट घ्यावे लागले आणि शेतात ते पांढरे मोजे घालून उतरू लागले. लोक हसले. कुणी त्यांना क्रिकेटर म्हणालं, कुणी नवरदेव. नऊ बोटांवर उभ्या असलेल्या माणसानं ते ऐकून घेतलं.

जोड सात. प्रत्येकाच्या कडेला वेगळ्या रंगाचा दोरा: सोमवार हिरवा, मंगळवार तांबडा, शुक्रवार जांभळा, असे वार. रोज संध्याकाळी मोजा उलटा करून उजेडात बघायचा आणि बहिणीला फोन करायचा. गुडघे वाकत नसल्यामुळं बबनरावांना स्वतःचा तळवा दिसत नसे; घरात दुसरं कुणी नव्हतं; बघायला होता तो मोजाच. फोन रोज येई आणि त्यात दोन शब्द असत: "काय न्हाई." बाईंचा त्या दोन शब्दांवर विश्वास उरला नव्हता. म्हणून साती जोड न धुता बाजारच्या दिवशी आणायचे, असा नियम झाला.

"गुरुवारचा कोरा आहे," बाई म्हणाल्या. "गुरुवारी काय घातलं?"

"गुरुवारी उपास आस्तो."

"मोज्यांचा पण?"

बबनराव खाली बघून हसू दाबत होते. "एक दिस राव, आक्का. एक दिस पायाला वारं नको?"

"पायाला वारं लागलेलं तुला कळलं?"

पुढच्या आठवड्यापासून गुरुवारचा मोजा मळलेला येऊ लागला.

याच काळात त्या एकदा भोकं पडलेले मोजे घेऊन अवसरीला गेल्या. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात दोरा ताणून बघायचं यंत्र असेल असं त्यांना वाटलं. एका तरुण प्राध्यापकांनी त्यांना चहा दिला, प्रयोगशाळा दाखवली. यंत्र होतं, पण लोखंडी सळई ताणून तोडायचं. बाईंच्या आग्रहावरून त्यांनी त्यात दोरा लावला.

"दोरा तुटला," बाई परत आल्यावर म्हणाल्या, "आणि यंत्राचा काटा जागचा हलला नाही. त्याला कळलंच नाही बघ." त्यांनी अंबाड्यातला स्पोक काढला आणि विणत बसल्या.

चांगला दोरा शेवटी बाहेरून आला. त्यांची एक विद्यार्थिनी थंडीच्या देशात राहत होती. सुट्टीवर येण्याआधी तिनं काय आणू म्हणून फोन केला. बाईंनी मोज्याची लोकर सांगितली, रंग सांगायचा राहिला. गुंडे आले ते रंगीत. त्यातून विणलं की पट्टे आपोआप पडत, निळा संपला की पिवळा, मग केशरी. बाईंनी पहिला मोजा तीन दिवसांत केला. मला हाक मारून बोलावलं, खालच्या धान्याच्या दुकानातल्या बाईला बोलावलं. "मी काही करत नाहीये. दोराच ठरवतोय." इतक्या मोठ्यानं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. मग मोजा हातात घेऊन त्या थांबल्या. "यात डाग दिसायचा नाही," म्हणाल्या. तो जोड मदनशेठांना मिळाला. शेठजी पुढं कित्येक दिवस गल्ल्यामागच्या स्टुलावर पाय ठेवून बसत, गिऱ्हाइकाला दिसतील असे.

पुढच्या वर्षी विद्यार्थिनीनं पांढरे गुंडे पाठवले. मऊ, थोडं नायलॉन मिसळलेले, टाचेला टिकणारे. हजेरीपटात त्यांच्यापुढं एकच शब्द आहे: "हाच."

दोरा मिळाला आणि बाईंची नजर जाऊ लागली. मोतीबिंदू नव्हता, डोळ्याच्या पडद्याचा आजार होता, त्यावर फारसा इलाज नव्हता. विणकामाला अडचण आली नाही, बोटांना सगळं पाठ होतं. पण बाजारच्या दिवशी त्या मोजा उलटा करून खिडकीशी धरत आणि तसाच धरून राहत. एकदा मला म्हणाल्या, "टाका हाताला लागतो. डाग लागत नाही."

त्यानंतर मोजे मी बघू लागले. दर आठवड्याला चौदा, उलटे करून, गॅलरीच्या कठड्यापाशी. मातीचा डाग पाण्याचं बोट लावलं की पसरतो, वाळलेल्या रक्ताचा पसरत नाही, हे मला त्या कामात कळलं. न धुतलेल्या मोज्यांबद्दल बबनराव माझ्यापुढं संकोचत. बाई म्हणत, "तिला सवय आहे. तहसील कचेरीत जाते रोज." मी प्रत्येक मोजा बघून वार सांगायची आणि म्हणायची, स्वच्छ. बाई मान हलवायच्या. बबनराव म्हणायचे, "सांगितलं व्हतं ना, काय न्हाई."

मग माझी पुण्याच्या कचेरीत बदली झाली. मी ते बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी अभिनंदन केलं, कचेरीत किती मजले चढावे लागतील ते विचारलं, आणि मग म्हणाल्या, "मग आता कोण बघणार?" मी मदनशेठांचं नाव सुचवलं. शेठजी तयार होते. पण शेठच्या पुढ्यात मळके मोजे टाकायला बबनराव तयार होणार नाहीत, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. आणि त्यांच्या "काय न्हाई"वर पाय सोपवायचा तर तो कधी जाईल याचा भरवसा नव्हता.

मी निघण्याआधीचा शेवटचा बाजार; त्याच दिवशी अकराच्या गाडीनं मी जाणार होते. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. बबनराव जिना चढून आले, गॅलरीत टेकले. मी पिशवीकडं हात केला. त्यांनी पिशवी दिली नाही. स्वतःच आत हात घालून चाचपडले आणि एकच मोजा काढला. कडेला जांभळा दोरा होता. तो आधीच उलटा केलेला होता.

"आक्का, शुक्रवारचा."

बाई विणत होत्या. हात थांबले. "काय शुक्रवारचा?"

"डाग हाय. टाचंच्या आतल्या अंगाला. तिळायवढा."

"मातीचा असेल."

"न्हाई. पानी लावून बघितलं म्या. पसरत न्हाई."

"शुक्रवारी फोनवर काय म्हणालास?"

"काय न्हाई म्हनलो. लाईट नव्हती, बघितलाच न्हवता. काल उजेडात बघितला. फोनवर सांगितलं आस्तं तर तू तशीच निघाली आस्तीस, दिसत न्हाई तरी. म्हून आज पैल्या गाडीनं आलो."

"वार्ताहर?"

मी मोजा कठड्यापाशी नेला. होता. पांढऱ्या विणीत, टाच जिथं वळते तिथं, गर्द तपकिरी, तिळाएवढा. मी तसं सांगितलं.

बाईंनी हात पुढं केला. मी मोजा त्यांच्या हातात दिला आणि त्यांचं बोट डागावर नेऊन ठेवलं. त्यांनी अंगठा दोनदा फिरवला. हाताला काही लागलं नसणार. मग त्यांनी भावाच्या दिशेनं तोंड केलं. इतक्या वर्षांत कुणी विचारण्याआधी बबनरावांनी पायाबद्दल काही सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं, बाईंनीही नसावं.

"चल," त्या म्हणाल्या. अर्धा विणलेला मोजा खाली ठेवला, पाचवा स्पोक अंबाड्यात खोचला आणि उठून भिंतीला हात लावत जिना उतरू लागल्या. जांभळ्या दोऱ्याचा मोजा मुठीतच होता.

त्या तीन पायऱ्या उतरल्या होत्या.

"आक्का," बबनराव म्हणाले.

"काय?"

"पायात घाल की कायतरी."

बाई थांबल्या. स्वतःच्या अनवाणी पायांकडं त्यांनी खाली पाहिलं, जरी त्यांना ते दिसणार नव्हते. मग वळून तीन पायऱ्या वर आल्या, दाराशी पायानंच चाचपडून चपला शोधल्या आणि घातल्या. बबनराव खाली मान घालून थांबले होते. दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

ती एक भेग होती. तीन आठवड्यांत भरली. बाई त्यानंतर दीड वर्षानं गेल्या. मला उशिरा कळलं, जाता आलं नाही. बबनराव अजून पिंपळवंडीला शेती बघतात, नऊ बोटांवर. अधूनमधून त्यांचा फोन येतो. आधी वार सांगतात, मग दोऱ्याचा रंग, मग बाकीचं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, वरून, कठड्याला टेकून. बाजाराची गर्दी होती, मोटारसायकली गल्लीतून वाट काढत होत्या. बबनराव पुढं चालत होते. पायजमा बुटाच्या चार बोटं वर होता आणि खाली पांढरे मोजे दिसत होते. ते त्यांनी झाकले नव्हते. बाईंनी एका हातानं त्यांचा सदरा मागून धरला होता, दुसऱ्या हातात शुक्रवारचा मोजा होता. मदनशेठांच्या दुकानापाशी शेठजी उठून उभे राहिले आणि काहीतरी विचारलं. बबनरावांनी न थांबता, पेठेत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पाय दावाया चाललोय." पुढच्या वळणापर्यंत अंबाड्यातला स्पोक उन्हात दोन-तीनदा चमकला.